शेवटचा बाक

"अगं, हळू! माइक तुझ्या गळ्याशीच आहे," दिग्दर्शक वैतागला.

पहिल्या सिनेमात तिला एकच वाक्य होतं आणि तेही हळू म्हणता येईना. शाळेच्या नाटकाला निमकर बाई तालमीत शेवटच्या बाकावर बसायच्या. आवाज पोचला नाही, की नुसता हात वर करायच्या. तो हात वर जाऊ नये म्हणून ती घसा ताणून बोलायला शिकली होती.

चौथ्या टेकला जमलं. "मी आलेय, दार उघड."

सिनेमा गावात लागला, तेव्हा तिनं बाईंना हट्टानं नेलं. बाई सवयीनं शेवटच्या रांगेत बसल्या. पडद्यावर तिचे ओठ हलले, आवाज मात्र दुसरीचाच आला. डबिंग परस्पर उरकलं होतं.

तिनं शेजारी पाहिलं. बाईंनी हात वर केला होता.