निरोगी गट

स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनात योगिनी घरी बसून मेंदूच्या स्कॅनची आकडेवारी बघते. तुलनेसाठी निरोगी म्हातारी माणसं मिळेनात, तेव्हा तिने मांडवीतलीच ओळखीची माणसं गोळा केली. सगळ्यांत आधी तयार झाले तिचे वडील, रावजी. स्कॅनवर नावं नसतात, नुसते नंबर.

त्या निरोगी गटातला एक स्कॅन संगणक सारखा रुग्णांमध्ये टाकत होता. नंबरांची अदलाबदल केली असेल कोणीतरी, म्हणून ती सकाळपासून तेच तेच तपासत बसली होती. डोळे चुरचुरायला लागले. रावजींनी आणून ठेवलेले चहाचे दोन कप शेजारी तसेच गार झाले होते.

रावजी तिसरा कप घेऊन आले.



"घे गो बाय. आज तुला चाय द्यायचीच राहिली."