थोरल्याच्या कानावर

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, फक्त थोरल्या मुलाच्या कानावर घालायचं. अल्माटीच्या त्या वॉर्डात हा नियम घातला तो फुग्यांवर वीस वर्षं संशोधन केलेल्या डॉ. झाउरेश यांनीच. “पेशंट घाबरला की फुगा फुटलाच म्हणून समजा,” त्या सगळ्यांना बजावायच्या.

सोमवारी नवं स्कॅन मशीन तपासायला त्या स्वतःच आत झोपल्या.

“काय रे, मेंदू आहे ना जागेवर?” बाहेर येत त्यांनी विचारलं.

“एकदम स्वच्छ, बाई,” टेक्निशियन मेइरबेक कॉम्प्युटरची स्क्रीन बंद करत म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घराची बेल वाजली. सहा वर्षांत नौरोजच्या सणालाही न फिरकलेला थोरला मुलगा बॅग घेऊन दारात उभा होता.



“काही नाही गं आई, सहजच आलो.”