म्होरक्याची घंटा

आज म्हाताऱ्याला सेवादासनं परत आणलं. काल लीलाबाईनं आणलं होतं, परवा खुद्द तांड्याच्या नायकानं.

"घे वं हंसाबाई, तुहा बाप," सेवादास अंगणातूनच ओरडला. "कळंबच्या वाटेनं निंगाला होता. मले म्हने, बैल मोज, दोन कमी हायेत."

देवीलाल हसला. उमेदीत बैलांवर मीठ लादून मुलूख फिरलेला माणूस. आता त्याला लेकीचं नाव आठवत नव्हतं, वाट मात्र आठवत होती.

म्हणून तर पूनमसिंग नायकानं त्याच्या कमरेला जुन्या म्होरक्या बैलाची घंटा बांधायला लावली होती. घंटा दूर जाताना ज्याच्या कानावर पडेल, त्यानं हातातलं काम टाकून धावायचं. चार वर्षं सारा तांडा धावत होता. कुणी कधी कुरकुरलं नाही.

"गाठ कोनं शिकवली वं तुले?" सेवादासनं विचारलं. "वाटेत सोडून पाह्यली. दात लावले, तरी सुटली नाही."

"बापूनंच. मिठाच्या पोत्याची गाठ हाय ते."

बापूच्या बोटांतून ती गाठ दोन वर्षांपूर्वीच गेली होती. त्याचं धोतरही हंसाबाईच नेसवायची, पण दार लावून. बापाची तेवढी लाज तिनं तांड्यापासून राखली होती.

सेवादास निघता निघता थांबला. "मुकुटबनले गेलतो. तुहा नवरा भेटला. म्हने, वेचणी सरेपर्यंत वाट पाह्यतो, मंग दुसरी करतो."

"अन् जमनी?"

"मोठी झाली पोरगी. म्या म्हटलं, तुही माय याद करते. तं म्हने, कोन?"

हंसाबाईनं त्याला पाणी दिलं. नवऱ्यानं, फुलचंदनं, पहिल्याच वर्षी सांगितलं होतं: ये, पण एकटी.

तिसऱ्या दिवशी ती चार वर्षांत पहिल्यांदा कापूस वेचायला गेली. नायकानंच आग्रह केला होता. "जा बेटा. आमचे कान हायेत."

नवा महाराष्ट्र झाल्यानंतरची ती दुसरी वेचणी. शेत पांढरंफेक फुटलं होतं. घंटा वाजली की हंसाबाईची मान वर व्हायची.

"काहून पाह्यतं घडीघडी?" लीलाबाई हसली. "वाजून राह्यली न घराकडेच. तू नाही म्हनून शाना झाला आज म्हातारा."

दिवसभर घंटा घराकडंच वाजली. कुणी धावलं नाही.

दिवस कलताना बाया परतल्या. घंटा हंसाबाईच्या परसातल्या गोऱ्ह्याच्या गळ्यात होती. देवीलाल कळंबच्या वाटेवरच्या विहिरीत सापडला.

अंगणात बाज टाकली. नायक गोऱ्ह्याजवळ गेला. दोरी पाहून त्याचे डोळे भरले.

"पोत्याचीच गाठ. सारं इसरला, पन जाता जाता नवा म्होरक्या नेमून गेला." बायांनी पदर तोंडाला लावले. "घंटा त्याच्यासंगं जाऊ द्या."

गाठ नायकाला सुटेना. सेवादासला सुटेना.

"इळा आना रे," नायक म्हणाला.

"नको काका," हंसाबाई म्हणाली. "बापूची गाठ हाय. कापू नका."

तिनं डोळे पुसले, गोऱ्ह्याच्या मानेवरून हात फिरवला आणि सकाळी स्वतःच आत दडवलेलं टोक अलगद ओढलं.