बाटलीवरची जुलेखा

"फक्रू, ही आपली जुलेखा हाय की रं!" शेजारच्या झुंबरबाईनं बिअरची रिकामी बाटली फक्रुद्दीनच्या नाकासमोर धरली. फिनेल भरून ठेवायला म्हणून तिनं ती भंगारवाल्याकडून उचलली होती.

फक्रुद्दीननं लेबल बघितलं. नाक तेच, हनुवटी तीच, भुवईवरची खोकसुद्धा तीच.

लेबल त्याच्याच हातचं. एकेकाळी मंगळवार पेठेतल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यानं रंगवलेल्या. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. अशात सम्राट नावाचा एक पोरगा दारात आला. जयसिंगपूरच्या रस्त्याला त्यानं बिअरचा छोटा कारखाना काढला होता. "चाचा, लेबलांवर देव पायजेत. आपले नकोत, लोक कारखाना पेटवतील. ग्रीसचे, इजिप्तचे, लई जुने काढा. त्यांच्या वतीनं कोण भांडाय येतंय?" झ्यूस झाला, कोल्हातोंड्या अनुबिस झाला. राहिली निनकासी, हजारो वर्षांपूर्वीची बिअरची देवी. तिचं तोंड कुणी बघितलंय? फक्रुद्दीन मन लावून काढत बसला आणि हातानं आपल्याच ओळखीचं तोंड उतरवलं. गाढवाच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

आणि जुलेखा कोण? बिअर बारची पाटी रंगवायला घेतली म्हणून नवऱ्याला दोन दिवस जेवायला न वाढणारी बाई! तिला जाऊन चौदा वर्षं झाली. पोरगी शिफा तेव्हा जेमतेम वर्षाची. जुलेखानं फोटो कधी काढू दिला नाही. रेशनकार्डावर आहे तो नुसता काळा डाग. अशा बाईला त्यानं दारूच्या बाटलीवर बसवलं. कुठल्या गटारात लोळत असेल आज! त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

"मावशी, शिफाला यातलं बोलू नका. हात जोडतो."

"मी कशाला बोलतीया!" झुंबरबाई म्हणाली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण त्याला थांबायला वेळ कुठं होता? मिळेल ती जीप धरून तो कारखान्यावर गेला आणि तेवढं लेबल बंद करा म्हणाला.

"चाचा, सगळ्यांत जास्त हीच बाटली खपतीया की," सम्राट म्हणाला. "माणसं म्हणत्यात, देवी घरातली वाटती."

हे ऐकलं आणि फक्रुद्दीनला रडूच फुटलं. एवढा म्हातारा माणूस, कामगारांसमोर! सम्राट वरमला. "बरं बरं. पुढच्या लॉटपासनं दुसरी बाई काढा."

दुपार कलताना तो घरी आला. शिफा मोरीपाशी बसली होती. पातेल्यातल्या कढत पाण्यात तीच बाटली बुडवून ती नखानं लेबल अलगद सोडवत होती. झुंबरबाईनं आपलं काम चोख केलं होतं.

फक्रुद्दीन उंबऱ्यातच खाली बसला. "माफ कर, पोरी. मोठा गुन्हा झाला माझ्याकडून. पर मी आत्ताच जाऊन सांगून आलोय. हितनं पुढं तुझी अम्मी बाटलीवर दिसायची न्हाय."

शिफानं ओलं लेबल तळहातावर पसरलं, ओढणीच्या टोकानं टिपलं.

"बाटलीचं जाऊ द्या, अब्बा," ती म्हणाली. "अम्मी तुम्हाला इतकी पाठ हुती, तर चौदा वर्षांत एकदा तरी मला का काढून दावली न्हाय?"