तळ्यातली दोरी

पर्यटकांच्या फोटोत आमच्या चड्ड्या येतात, म्हणून तळ्याकडच्या खिडक्यांत कपडे वाळत घालायला नगरपालिकेने बंदी केली. तशा इथे राहणाऱ्या उरलो दोघीच, मी आणि शेजारची डेल्फिना. बाकीची घरं मिलानवाल्यांनी घेतली आणि कुलपं लावून ठेवली.

एका दुपारी वारा अगदी पडला होता. धक्क्यावरून खाली पाहिलं, तर तळ्यातल्या उलट्या घरांच्या खिडक्यांत कपडे वाळत होते. मान वर केली. खिडक्या बंद, दोऱ्यासुद्धा नाहीत.

"डेल्फिना, हे बघ गं."

"चष्मा बदल, ओर्तेन्सिया," म्हणत ती वाकली, आणि तिचा हात क्रुसाची खूण करायला कपाळाकडे गेला. "ती आईची चादर आहे. ठिगळासकट. तिच्या शवपेटीत मीच अंथरली होती."

"मेलेल्यांची चैन आहे बाई," मी म्हटलं. "त्यांना दंड कोण करणार?"

ती हसली नाही.

काल तिचा मुलगा तिला मिलानला घेऊन गेला. "सुटलीस," मी म्हटलं, तर तिने मान फिरवली.

आज दुपारी तिच्या बंद खिडकीखाली, पाण्यात, तिचा हिरवा एप्रन लोंबत होता. त्यातून थेंब गळत होते. ते खालून वर येत होते, आणि निवांत तळ्यावर बारीक वलयं उठत होती.

पाण्यातल्याच पलीकडच्या खिडकीत, म्हणजे माझ्या, कुणाचे तरी हात एक राखाडी स्वेटर पिळत होते. कोपराला मी लावलेलं लाल ठिगळ होतं.

तो स्वेटर माझ्या अंगात होता. मनगटाशी गार लागलं. बाहीतून पाणी ठिबकत होतं.