साहेब दारात
कंपनीतल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामरला सगळे ताई म्हणत. कंपनीनं काटकसरीच्या नावाखाली त्यांना आणि त्यांच्या टीमला घरी बसवलं, तेव्हा रडत बसण्याऐवजी ताईंनी घरचं गॅरेज झाडून काढलं आणि टीमला घेऊन तिथंच स्वतःचा धंदा मांडला. पहिलं गिऱ्हाईक मिळालं त्या दिवशी टीमच्या हसण्याखिदळण्याला ऊत आला होता. तेवढ्यात त्यांना काढून टाकणारे साहेबच दारात येऊन उभे राहिले. “आम्ही सांभाळायचो ती जुनी सिस्टिम बंद पडली ना?” ताईंनी विचारलं. “आम्ही परतणार नाही.” “पडली. ती कुणाला दुरुस्त करता येईल, हे माहीत असलेला मीच उरलो होतो,” साहेब कसनुसं हसले. “आज मलाही काढलं.” ताईंना असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “बसा. हाताखाली माणूस हवाच होता.” साहेबांनी टाय खिशात कोंबला. “सांगा ताई, काय करू?”