श्वेताश्व विहार, सकाळी नऊ

१. दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळेतच प्रवेश.

"नऊ म्हणजे त्यांचे नऊ," कोकिळाबाई म्हणाल्या. "आपले साडेसहा."

ओंकारनं ताटावरून मान वर केली नाही. "आई, मी नाही म्हटलंय. पुढच्या वर्षी बघू."

"ऐकलं मी."

"मग तिकीट कसं निघालं?"

"शिवानीनं काढलं. फोनवर निघतं."

चुलीपाशी शिवानीचा हात भाकरीवर क्षणभर थांबला, मग पुन्हा थापू लागला.

म्हसळ्यात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. चीनमधलं लुओयांग. तिथला श्वेताश्व विहार. पांढऱ्या घोड्यावरून ग्रंथ घेऊन इकडचे दोन भिक्खू तिथं गेले, आणि त्यांच्या समाध्या अजून तिथंच आहेत. ही गोष्ट या घरात पहिल्यांदा शिवानीनं सांगितली होती. लग्नाआधी ती पालीत एम.ए. झालेली. पुढचं राहून गेलं.

महिपतकाका ओटीवर येऊन बसले. "वयनी, बोधगयेला आपली बस जातेच हाय की. चीनला काय ठेवलंय? आन तेबी एकटीनं?"

"एकटीनंच. तिकीट एकाच माणसाचं आहे, भावजी."

"भाषा न्हाय, वळख न्हाय. हरवली म्हंजे?"

"बाई हरवली तर रस्ता विचारते. तुमच्यासारखी चार वेळा त्याच नाक्यावर येत नाही."

काका चहा न पिताच उठले. दारातून परत आले आणि चहा पिऊन गेले.

२. आवार मोठे आहे. पायी फिरावे लागेल.

तिकिटावरच्या सूचना शिवानीनं मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवल्या होत्या. ओंकार तहसील कचेरीत कारकून. त्याची नजर आधी आकड्यांवर गेली.

"तीन नंबर कुठाय?"

"तो पाठ आहे," कोकिळाबाई म्हणाल्या.

बूट घ्यायला दोघी बाजारात गेल्या. कोकिळाबाईंना गुडघ्यामुळे वाकता येईना. त्यांनी बूट शिवानीच्या पायात घालून पाहिले. "आमचा नंबर एकच," दुकानदाराला सांगितलं. नवे बूट चावतात, म्हणून महिनाभर रोज सकाळी सुनेलाच ते घालून खाडीपर्यंत चालायला पिटाळलं.

"बूट आईचे, चालतेस तू," ओंकार हसला.

"सासू आहेत," शिवानी म्हणाली. "सांगतील ते करायचं."

व्हिसासाठी दोघी दोनदा मुंबईला जाऊन आल्या. पासपोर्ट दोघींचे मागच्याच वर्षी एका फेरीत काढलेले होते, त्यामुळे ते काम वाचलं. शिवानीच्या लेकीची, भक्तीची वेणी आता आजी घालू लागली. डबाही आजीच भरायची. रात्री ती आजीजवळच झोपायची.

"जायच्या आधी लाड चाललेत," ओंकार म्हणाला.

"सवय होऊ दे पोरीला."

४. मूळ पासपोर्ट नसल्यास प्रवेश नाही.

निघायला चार दिवस उरले तेव्हा ओंकारनं आईच्या कपाटातून तिचा पासपोर्ट काढला. उघडूनही पाहिला नाही. ऑफिसच्या बॅगेत ठेवून दिला. कागद नसला की माणूस खिडकीवरून परत फिरतो, हे तो रोज बघत होता. त्यासाठी भांडावं लागत नाही.

तो वाट बघत राहिला. आई कपाट उचकेल, शिवानीला हाका मारील, शेवटी त्याच्यापुढे येऊन बसेल. काहीच झालं नाही. कोकिळाबाई तांदळाच्या पिठाचे लाडू वळत होत्या.

"आई, कागदपत्रं नीट बघून ठेवलीस ना?"

"ठेवली."

"सगळी?"

"सगळी. तू गाडीत डिझेल भर."

निघायच्या सकाळी त्यांनी भक्तीला शेजारच्या नलूकडे सोडलं. "शिवानी, तूपण चल," त्या म्हणाल्या. "बॅग कोण उचलणार?"

शिवानीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ओंकारला त्याचं हसू आलं. जाणारी बाई उभी आणि राहणारी पाया पडतेय.

५. उशिरा येणाऱ्याचे तिकीट रद्द.

विमानतळावर शिवानी बॅग ढकलत पुढे गेली. ओंकारनं आईला खांबापाशी थांबवलं. चार तास गाडीत तो हेच वाक्य घोकत आला होता.

"आई, पासपोर्ट कुठाय तुझा?"

"तुझ्या बॅगेत. मधल्या कप्प्यात."

"तुला माहीत होतं?"

"सातवीत प्रगतिपुस्तकही तिथंच लपवायचास."

"मग मागितला का नाहीस?"

कोकिळाबाई दाराकडे बघत होत्या. वर्दीतला जवान एकेकाचा कागद बघून माणसं आत सोडत होता.

"मी देणार नाही," ओंकार म्हणाला. आवाज त्यालाच मोठा वाटला. "माझ्या घरातली बाई एकटी परदेशात जाणार नाही. पुढच्या वर्षी बघू म्हटलं ना?"

"सहा वर्षं ऐकतेय मी ते, भिंतीपलीकडून." त्यांनी पदर खोचला. "बरं, नको देऊस. चल, गाडी काढ. नलू भक्तीला किती वेळ सांभाळणार?"

ओंकार बघतच राहिला. "खरंच परत येतेस?"

"खरंच."

त्यानं बॅगेतून पासपोर्ट काढून पुढे केला. मग काय वाटलं कोण जाणे, आज पहिल्यांदाच तो उघडला. एक पान उलटलं. दुसरं. शेवटपर्यंत सगळी पानं कोरी होती.

"आई, यावर व्हिसा..." त्यानं मान वर केली. "शिवानी कुठंय?"

कोकिळाबाईंनी पिशवीतून आपला फोन काढला, तिकीट उघडलं आणि तीन नंबरच्या ओळीवर बोट ठेवून त्याच्यापुढे धरला.

३. प्रवेश फक्त याच व्यक्तीस: शिवानी ओंकार तांबे.